फिट : आहे

"बाई, तुमी तं लिहून देलं होतं का कुत्रा फिट हाय. ह्याले तं फिट येते!"

फाटकाशी ऑटो उभा होता. आत खाकी शर्टातला एक उंच माणूस बसला होता आणि त्याच्या मांडीवर आमचा डब्या. माणसाच्या एका पायात चप्पल होती. दुसरा पाय अनवाणी.

"दुसरी चप्पल कुठे राहिली?" मी विचारलं.

"ह्यानं खाल्ली."

डब्याने माझ्याकडे बघून शेपूट हलवली. चार दिवसांपूर्वीच मी त्याला नव्या घरी पाठवलं होतं. निरोप देताना त्याच्या गळ्यात लाल पट्टा बांधला होता, आणि त्याच्या फाइलवर 'काम पूर्ण' असं लिहून ती कपाटात ठेवली होती.

सई आणि नील, आजी नोव्हेंबरमध्ये येणार होती, ती का आली नाही, हे तुम्ही मला फोनवर तीनदा विचारलंत. मी दरवेळी "काम होतं" एवढंच सांगितलं. ते काम हे. आता सगळं क्रमाने लिहिते.

तुम्हाला माहीतच आहे, मी छत्तीस वर्षं सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत नोकरी केली. सुरुवात झरी जामणीला, शेवट यवतमाळला. बहुतेक सगळे पेशंट गाई, बैल आणि शेळ्या. कुत्रे माझ्या वाट्याला निवृत्तीनंतर आले. आमच्या गावात प्राणिमित्रांचा एक गट आहे. रस्त्यावर सापडलेलं आजारी जनावर ते माझ्याकडे आणून ठेवतात, आणि कायमचं घर मिळेपर्यंत मी ते सांभाळते. याला ते फॉस्टर म्हणतात. मी धर्मशाळा म्हणते. मुक्काम करायचा, बरं व्हायचं, पुढे जायचं.

डब्या बस स्टँडवर सापडला तेव्हा त्याचं डोकं प्लॅस्टिकच्या बरणीत अडकलेलं होतं. म्हणून डब्या. बरणी कापून काढली, गोचिडं काढली, लस दिली, नसबंदी केली. पंधरा दिवसांत अंग भरलं. आणि एका सकाळी दूध पिता पिता तो आडवा पडला, चारही पाय झाडू लागला, तोंडाला फेस आला.

यालाच फिट म्हणतात. मेंदूत विजेचे बारीक संदेश सतत फिरत असतात. कधी कधी ते सगळे एकदमच सुटतात आणि शरीर आपल्या ताब्यात राहत नाही. बहुतेक वेळा दीड-दोन मिनिटांत थांबतं. कुत्र्याला त्याची आठवण राहत नसावी. बघणाऱ्याला मात्र राहते. रक्त तपासलं, बाकीची कारणं एकेक करून बाजूला केली. उरला तो जन्मभराचा आजार. औषध फेनोबार्बिटोन, माणसांना देतात तेच. दर बारा तासांनी एक गोळी. चुकवायची नाही आणि एकदम थांबवायची तर मुळीच नाही. थांबवली तर फिट पूर्वीपेक्षा मोठी येते, आणि एकामागून एक आल्या तर कुत्रा दगावतो.

म्हणजे डब्याला असं घर हवं होतं जिथे रोज बारा तासांनी कोणी तरी हजर असेल. आणि तेही तुमच्याकडे येण्याच्या माझ्या विमानाआधी. गटाच्या शेडमध्ये पन्नास कुत्री आणि दोन माणसं. तिथे बारा तासांचा नेम कोण पाळणार?

मी जाहिरात तयार केली. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, मी तक्ता केला. रंग : काळा, डावा कान पांढरा. वय : दोन वर्षं. लस : झाली. नसबंदी : झाली. फिट : आहे. औषध : चालू.

तक्ता फार सुबक झाला होता.

लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका दालमिलच्या शेठनी त्याच दिवशी फोन केला. मी त्यांना रोजच्या गोळ्यांचं सांगितलं. ते म्हणाले, "हो हो मॅडम, टॉनिक आम्ही देतोच." मला तिथेच थांबायला हवं होतं. पण तिकिटाची तारीख डोळ्यांसमोर होती. ड्रायव्हर आला, मी त्याच्या हातात गोळ्यांची बाटली आणि सात पानांच्या इंग्रजी फाइलची प्रत दिली. डब्या गेला.

आता तो परत आला होता. मी शेठना फोन लावला.

"मॅडम, मला गेटवर कुत्रा पाहिजे होता, पेशंट नाही. पार्टी गाडीतून उतरून राहिली, आणि हा समोर पडून पाय झाडतो! पार्टी परत गाडीत बसली."

"गोळ्या दिल्या होत्या का?"

"तुम्हीच लिहिलं ना, फिट आहे? मग फिट कुत्र्याला गोळी कशाला?"

मी कपाटातून फाइल काढली. 'काम पूर्ण' वर रेघ मारली. तुमच्या बाबाला सांगून तिकीट पुढे ढकललं.

ऑटोतला माणूस म्हणजे मिलचे चौकीदार, गजाननभाऊ. मी त्यांना चहा दिला आणि चपलेचं विचारलं.

"फिट आली का चप्पल हुंगवाव म्हणतात ना बाई. मी नाकाशी धरली. तो उठला अन् त्यानं धरली ते सोडलीच नाही."

मी त्यांना समजावलं. चपलेने, कांद्याने फिट थांबत नाही, ती आपल्या वेळेला आपणच थांबते. तोंडाजवळ हात न्यायचा नाही, आजूबाजूचं सामान सरकवायचं आणि घड्याळ बघायचं. आणि फिटनंतर कुत्र्याला भयंकर भूक लागते.

"म्हून!" गजाननभाऊ म्हणाले. "मले वाटलं माह्यावर राग हाय."

मी नवी बाटली उघडली. साठ गोळ्या, झाकणावर तारीख. भिंतीवर नवा तक्ता लावला. सकाळी आठ, रात्री आठ, प्रत्येक गोळीला एक टिक. दोन आठवड्यांत त्याला दोन फिट आल्या. मला नवल वाटलं, कारण तक्ता पूर्ण होता, एकही टिक चुकली नव्हती. मी कधी कुकरच्या शिटीला दोष दिला, कधी ढगाळ हवेला.

दर सुट्टीला गजाननभाऊ डब्याला भेटायला येऊ लागले. नवी चप्पल फाटकाबाहेर काढून ती बकुळीच्या फांदीवर लटकवायचे, मगच आत. तिसऱ्या खेपेला म्हणाले, "बाई, मी ह्याले फुलसावंगीले नेतो. घरी रुख्मा हाय, दोन म्हशी हायेत. गोठ्यापाशी राहील."

मी नाही म्हटलं. फुलसावंगी इथून तीन तासांवर. भाऊ स्वतः लोहाऱ्यात राहणार, मग गोळी कोण देणार? सोयाबीन काढायला गेले की दिवसाचं भान राहत नाही. मोबाईलचा अलार्म बंद करून माणसं झोपतात, हे मी शिकलेल्या घरांत पाहिलं आहे.

गजाननभाऊंनी वाद घातला नाही. फोन लावून स्पीकरवर टाकला. "घे, डॉक्टरबाईशी तूच बोल."

"बोला बाई," रुख्माबाईंचा खणखणीत आवाज आला. "काहून नाही म्हणून राह्यल्या?"

"गोळी दर बारा तासांनी द्यावी लागते. तुम्ही वेळ कशी लक्षात ठेवाल?"

"मी कायले ठेवू? म्हशी ठेवतात. सकाळी सहाले धार, संध्याकाळी सहाले धार. जरा उशीर झाला का अशा रेकतात का साऱ्या गल्लीले समजते, रुख्मा झोपली म्हून."

"लग्नाकार्याला गावाला गेलात तर?"

"म्हशी लग्नाले येतात का बाई? मी गेली तं सासू असते, सासू गेली तं मी. वीस वर्षांत दोघी संग कोणत्या लग्नाले गेलो नाही. तिचं म्हणनं, म्हूनच आमचं पटते."

"आणि गोळी कशात घालून द्याल?"

"सायीत. तुमी कशात देता?"

"बिस्किटात."

"बिस्किटात!" रुख्माबाईंनी फक्त तेवढंच म्हटलं. त्या बिचाऱ्या कुत्र्याची त्यांना दया आली असावी.

मी छत्तीस वर्षं गोठ्यांतून हिंडले. धार ही बारा तासांची असते, हे मी लोकांना शिकवलेलं आहे. तरी घर शोधताना मी घड्याळ असलेली माणसं शोधत होते. मी एक महिन्याच्या बोलीवर हो म्हटलं. महिन्याने रक्त तपासायचं, औषध बरोबर पोचत असेल तर डब्या त्यांचा. नसेल तर तो परत येणार आणि मी तिकीट कायमचं रद्द करणार.

रुख्माबाई स्वतः न्यायला आल्या, सोबत गजाननभाऊ. बुटक्या, चपळ. डब्याने त्यांचा पदर हुंगला, म्हशीचा वास आला असावा, आणि तो थेट पायावर बसला. मी या वेळी फाइल मराठीत लिहिली होती, एकच पान. वेळ आठवरून सहावर कशी आणायची तेही होतं. रोज अर्धा तास अलीकडे, चार दिवस. रुख्माबाईंनी ते बोटांवर मोजून मला परत म्हणून दाखवलं. मग म्हणाल्या, "गोया मोजून द्या बाई. कमी पडल्या तं आमच्यावर यायचं."

मला ते आवडलं. आम्ही दोघी बाटलीतल्या गोळ्या ताटात ओतून बसलो. बाटली उघडून अठरा दिवस झाले होते, दिवसाला दोन गोळ्या. छत्तीस गेल्या, साठातून उरायला हव्या चोवीस.

निघाल्या सत्तावीस.

मी पुन्हा मोजल्या. सत्तावीसच. भिंतीवरचा तक्ता पाहिला, छत्तीस टिका.

"कागदावर तं साऱ्या टिका हायेत," रुख्माबाई म्हणाल्या. "मंग कुत्र्यानं टिका खाल्ल्या का?"

गजाननभाऊ एकदम बकुळीकडे बघू लागले.

मी फिटची वही काढली. दोन्ही फिट सोमवारच्या. अठरा दिवसांत रविवार तीन. आणि मग मला सगळं उमगलं. रविवारी रात्री आठला तुमचा व्हिडिओ कॉल येतो. तुमची सकाळ, माझी रात्र. मध्ये उठायला नको म्हणून मी पावणेआठलाच तक्त्यावर टिक करून ठेवत असे. मग सई नवा दात दाखवणार, नील पेटी वाजवणार, तास कसा जातो कळत नाही. उठून भिंतीकडे बघायचं, टिक आहे, म्हणजे गोळी झाली.

तुमचा यात काही दोष नाही, हे आधी लिहून ठेवते. दोष माझा. दवाखान्यात आमचे काही कर्मचारी लसीकरणाचं रजिस्टर आदल्या दिवशीच भरून ठेवत. साहेब तपासणीला आले की रकाना रिकामा दिसायला नको. त्यासाठी मी किती जणांना मेमो दिले असतील! आणि निवृत्तीनंतर, घरच्या भिंतीवर, मी तेच केलं. कोणी साहेब येणार नसताना.

क्षणभर वाटलं, बाटलीत जास्त गोळ्या आल्या असतील असं म्हणून टाकावं. पण समोर ज्या बाईला मी बारा तासांचा उपदेश करत होते, तिनेच मोजायला लावलं होतं. मी म्हटलं, "रुख्माबाई, तीन गोळ्या मी चुकवल्या. टिक आधी केली, गोळी दिलीच नाही. त्याच्या फिटही त्यामुळेच आल्या."

त्या मला रागावतील, याची माझी तयारी होती. त्या गोळ्या बाटलीत भरत म्हणाल्या, "म्हशीसंग हे जमत नाही बाई. आधी टिक करून दूध बादलीत येत नाही."

महिन्याने मी गाडी करून फुलसावंगीला गेले. डब्या गोठ्याच्या दारात पहुडला होता, पोटाने गोल. विहिरीच्या बाजूला रुख्माबाईंनी झापा, म्हणजे काटेरी फांद्यांचं आडवं फाटक, लावून घेतला होता, फिट आली तर तिकडे जाऊ नये म्हणून. हे माझ्या पानावर नव्हतं. त्यांना सुचलं.

"फिट आली का एखादी?"

"एक. पहिल्याच आठवड्यात. ऐंशी धारा."

"म्हणजे?"

"मी धार काढून राह्यली होती. हा पडला. तुमी म्हटलं घड्याळ पाहा, पण हात दुधाचे. मंग काढता काढता मोजलं. ऐंशी धारा होईस्तोवर उठला."

सासूबाई आतून म्हणाल्या, "अन् दूध सांडलं नाही, ते बी सांग."

मी तिथेच म्हशीखाली बसले आणि माझ्या घड्याळावर ऐंशी धारा काढून पाहिल्या. सव्वा मिनिट. पुष्कळ वर्षांनी धार काढली, हात अजून विसरलेले नाहीत. रुख्माबाईंची म्हैस मात्र माझ्याकडे दोनदा वळून बघत होती.

रक्त नागपूरच्या लॅबला पाठवलं. फेनोबार्बिटोन रक्तात ठरावीक मर्यादेत असावं लागतं, कमी झालं तर फिट, जास्त झालं तर गुंगी आणि यकृताला त्रास. रिपोर्ट तिसऱ्या दिवशी आला. अगदी मधोमध. मी तो फोनवर वाचून दाखवला.

"मंग आता डब्या आमचा?"

"तुमचा."

"तो तं कवाचाच हाय," रुख्माबाई म्हणाल्या. "तुमच्या कागदाची वाट पाहून राह्यलो होतो."

दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं आहे, ते मी येऊन करीन. लोहाऱ्याचे शेठही परवा फोनवर म्हणाले, एखादा बिनआजाराचा कुत्रा असेल तर सांगा. मी सांगणार आहे, पण तक्त्यात नाही. पूर्ण वाक्यात.

या सगळ्यातून शिकले ते एवढंच. जनावर तक्ता वाचत नाही. त्याला गोळी लागते.

तुमच्याकडे येण्याच्या तिकिटाची नवी तारीख घेतली आहे, या वेळी रविवार टाळून. सामानाची यादी भिंतीवर लावली आहे. 'पासपोर्ट घेतला' याच्यापुढचा रकाना अजून रिकामा आहे. पासपोर्ट पिशवीत गेल्यावर भरीन.