यमुनाबाई आणि बंद डब्यातला वारा

प्रा. यमुनाबाई हंचाटे यांना मी प्रथम पाहिले ते कॉफीचा पेला हातात घेऊन वर्गात शिरताना. यंत्र अभियांत्रिकीचा आमचा पहिलाच तास होता. बाईंनी फळ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. पेल्यातली कॉफी उंचावरून वाटीत ओतली आणि विचारले, "हिला निववतंय कोण?" कुणी वाटी म्हणाले, कुणी वारा म्हणाले. मी म्हणालो, हात. वर्ग हसला, बाई हसल्या नाहीत. "हात हलला नाही तर वारा मिळणार कुठून? ह्याचं अर्धं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. अर्धे का होईना, बरोबर ठरण्याची मला तोवर सवय नव्हती.

बाईंचे घराणे मैसूरच्या जुन्या रंगाऱ्यांचे, आमचे संस्थानच्या फौजेतले. फौज गेली, रंगाच्या कढया गेल्या. मराठी तेवढी घरात राहिली, तीही निम्मी कन्नड होऊन. इंग्रजी पुस्तके मला झेपत नसत. ते ओळखून बाईंनी मला रविवारी जयलक्ष्मीपुरमच्या आपल्या घरी बोलावायला सुरुवात केली. आधी जेवण, मग पुस्तक. उपाशी पोटी उष्णतेचे नियम डोक्यात शिरत नाहीत, असे त्यांचे ठाम मत होते आणि आहे. मी आज जे काही आहे, ते त्या रविवारांमुळे आहे.

निवृत्तीनंतर त्या नजरबादच्या माझ्या गॅरेजात येऊ लागल्या. चहा प्यायला येते, असे सांगतात. चहा गार होतो आणि कुठले तरी इंजिन उघडे पडलेले असते. "हे असं का?" हा प्रश्न त्यांनी विचारला की आमचे मेकॅनिक एकमेकांकडे पाहतात, कारण आता दुपारचे जेवण लांबणार हे त्यांना कळून चुकते.

मागच्या दसऱ्यानंतरची गोष्ट. आमच्याच समाजातले महादेवराव शिंदे टी. नरसीपूरच्या रस्त्यावरच्या एका पर्यटन शेतावर पाहुण्यांना एटीव्हीतून फिरवतात. एटीव्ही म्हणजे चार जाड चाकांची, मोटारसायकलसारखे हँडल असलेली, चिखलमातीतून जाणारी गाडी. त्यांच्या गाडीचे बेल्ट लागोपाठ जळू लागले. मॅनेजरसाहेबांनी निकाल दिला की महादेवराव गाडी दामटतात. महिनाअखेर त्यांनी काम सोडावे. घरात कमावते ते एकटेच. जळका बेल्ट पिशवीत घालून ते गॅरेजात आले, तेव्हा बाई तिथेच होत्या.

"मी जोरात मारलोच नाही अक्का," महादेवराव म्हणाले. "सुम्ने, उगाच माझं नाव घेतात."

"बोलणं आमेले करूया. बेल्ट दे आधी," बाई म्हणाल्या.

ह्या गाडीत गिअर बदलत बसावे लागत नाहीत. इंजिनाकडे एक पुली, चाकांकडे दुसरी, मध्ये रबरी बेल्ट. इंजिनाचा वेग वाढला की पहिल्या पुलीच्या दोन तबकड्या जवळ येतात आणि बेल्टला दाबून वर चढवतात. दाबून धरण्यावरच सगळा कारभार, त्यामुळे बेल्ट थोडा घसरतो आणि तापतो. चिखलपाणी लागू नये म्हणून हे सगळे बंद डब्यात ठेवलेले असते. मग आतली उष्णता जाणार कुठे? त्यासाठी हँडलपाशी, उंचावर, एका नळीचे तोंड असते. पहिल्या पुलीच्या पाठीवर पाती असतात. पुली फिरली की तीच पंखा होते, बाहेरची हवा नळीतून ओढते, बेल्टवरून फिरवते आणि मागच्या नळीतून गरम हवा बाहेर टाकते. गंमत अशी की चढावर ओझे घेऊन गाडी हळू चालते तेव्हा बेल्ट सर्वांत जास्त तापतो, आणि इंजिन मंद असल्याने पंखाही तेव्हाच मंद असतो. म्हणून अशा वेळी लो रेंजमध्ये, म्हणजे ओझ्यासाठी दिलेल्या कमी वेगाच्या टप्प्यात, चालवावे. इंजिन जलद फिरते, वाराही वाढतो.

बाईंनी बेल्ट बोटांत धरून जपमाळेसारखा पूर्ण फिरवला. "रुतलेली गाडी कुणी दामटली, तर बेल्ट जागचा हलत नाही आणि पुली त्याला एकाच ठिकाणी खाते. तिथे खड्डा पडतो. इथे खड्डा कुठे आहे? हा सगळीकडे सारखा कडक झालाय, चकाकतोय. ह्याला वारा मिळाला नाही." पण मॅनेजरसाहेबांना बेल्टची भाषा कोण समजावणार? बाई म्हणाल्या, "चल, जाऊन बघू."

शेतावर दोन एटीव्ही होत्या. बाईंनी उदबत्ती मागवली. शेडमध्ये चांगल्या गाडीचे इंजिन चालू करून उदबत्ती नळीच्या तोंडाशी धरली. धूर वळून सरळ आत गेला. महादेवरावांच्या गाडीपाशी धरली. धूर इकडेतिकडे न पाहता वर निघून गेला. बाईंचे डोळे असे चमकले की पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावरच्या बाई त्या, ह्यावर कुणाचा विश्वास बसला नसता. आम्ही नळी उतरवली. आतल्या जाळीवर शेवंतीच्या वाळक्या पाकळ्यांचा जाड थर बसला होता.

"दसऱ्याच्या आयुधपूजेचा हार," मी म्हणालो. "काढला का नाही?"

महादेवराव मान खाली घालून नळी पुसू लागले. आपल्याकडे वाहनाला घातलेला हार हाताने ओढून काढत नाहीत. सुकून गळेल तेव्हा गळेल. मान्य, पण महादेवराव आणखी काहीतरी लपवत होते. बाईंनीच पुन्हा विचारले.

"अक्का, तो तुम्ही घातलेला होता," ते पुटपुटले. "म्हणून तर मी हातच लावलो नाही."

तेव्हा आठवले. त्या पूजेला बाई पाहुण्या म्हणून गेल्या होत्या आणि भला मोठा हार त्यांनी स्वतः हँडलवर चढवला होता. दुसऱ्या गाडीला नुसते कुंकू लागले होते, म्हणून ती वाचली.

मला वाटले, बाई ओशाळतील. त्या पाकळ्यांसकट जाळी हातात घेऊन तडक मॅनेजरसाहेबांच्या खोलीत गेल्या. सगळे ऐकून मॅनेजरसाहेब अवघडले. "मॅडम, फुलं अडकली होती एवढंच म्हणू या. तुमचं नाव कशाला?"

"फुलं आपणहून गेली नाहीत," बाई म्हणाल्या. "महादेवाचं नाव तुम्ही चारचौघांत घेतलंत. आता माझंही चारचौघांतच घ्या."

आणि त्यांनी ते घ्यायला लावले. स्वयंपाक्यापासून माळ्यापर्यंत सगळ्यांना शेडमध्ये बोलावून बाईंनी पुन्हा उदबत्ती पेटवली, आपली चूक धुरासकट दाखवली आणि महादेवरावांची सर्वांसमक्ष माफी मागितली. महादेवराव रडले. मीही रडलो, पण धुराचे निमित्त सांगितले.

महादेवराव आजही तीच गाडी चालवतात. बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्तच्या ह्या गौरवग्रंथासाठी त्यांच्याकडे दोन शब्द मागितले, तेव्हा ते म्हणाले, "अक्का शंभर वर्षं राहूदेत म्हणून लिही. माझ्या बाजूनं बोलणारे मिळतील, स्वतःच्या विरुद्ध बोलून मला सोडवणारं कोण मिळणार?" यमुनाबाईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, हे मागणे मी त्यात माझ्या वतीने जोडतो. आम्हा शिष्यांचे चुकणे काही संपायचे नाही, आणि चूक कबूल कशी करावी हे अजून आम्हाला त्यांच्याकडूनच शिकायचे आहे.