कम्युनियनचा झगा

आई पहिल्यांदा आयर्लंडमध्ये, माझ्याकडे मलिंगारला आली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी तिला बजावलं, "कालव्याकाठानं खुशाल फीर, पण पुलापलीकडे ती भिंत आहे ना, तिकडे जाऊ नकोस."

"काहून? काय हाय तिकडे?"

"ट्रॅव्हलर लोक राहतात."

"म्हंजे कोन?"

मला धड सांगता येईना. मी इथल्या हॉस्पिटलात लहान मुलांच्या वॉर्डात डॉक्टर आहे. ट्रॅव्हलरांची मुलं दम्यासाठी, तापासाठी माझ्याकडे यायची, पण त्यांच्याविषयी मला जे माहीत होतं ते सगळं दुसऱ्यांनी सांगितलेलं. हे लोक इथलेच. पिढ्यान् पिढ्या गाड्याघोड्यांनिशी गावोगाव फिरणारे, आता बहुतेक एका जागी राहणारे. गोरे, कॅथलिक, याच मातीतले, आणि तरीही सगळ्यांपासून वेगळे टाकलेले. आम्हाला भाड्याचं घर दाखवताना एजंट म्हणाला होता, "त्यांच्या वस्तीपासून लांब आहे हं हे घर." जणू घराला मोठी बाग आहे असं सांगावं तसं. मी ते मान हलवून ऐकून घेतलं होतं, आणि चार वर्षांनी तेच स्वतःच्या आईला ऐकवत होते.

आई पदर सावरून कालव्याकडे फिरायला निघाली.

माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती. शाळा कॅथलिक. दुसरीतल्या मुलांचं मे महिन्यात पहिलं कम्युनियन असतं, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घ्यायचा दिवस. मुली पांढरे शुभ्र झगे घालतात, नवरीसारख्या दिसतात, आणि नंतर घरोघर जेवणावळी. आम्ही बौद्ध, त्यामुळे वर्गात त्याची तयारी चालायची तेव्हा माझी मुलगी मागच्या टेबलावर चित्रं काढत बसायची. तिची एकच जिवाभावाची मैत्रीण होती, एक ट्रॅव्हलर मुलगी. दोघींची मैत्री कशी झाली विचारलं तर ती खांदे उडवून म्हणाली, "टीचर जोड्या करायला सांगते ना, तेव्हा शेवटी आम्हीच उरतो." हे अर्थात तिनं तिच्या आयरिश हेलाच्या इंग्रजीत सांगितलं. मराठी तिला कळतं सगळं, उत्तर मात्र कधी मराठीत येत नाही.

शाळा सुटायच्या वेळी नातीला आणायला आई जाऊ लागली. फाटकापाशी पालकांचे घोळके असायचे आणि भिंतीच्या टोकाला एक उंच, जाडजूड बाई एकटी उभी असायची. केसांचा घट्ट अंबाडा, कानात मोठ्या सोन्याच्या रिंगा. त्या मैत्रिणीची आजी. आईला कोण कुठं उभं राहतं याची काही कल्पना नव्हती. ती सरळ जाऊन त्या बाईशेजारी उभी राहिली. तिसऱ्या दिवशी आईनं तिच्या स्वेटरवरच्या विणीला हात लावून "मस्त!" म्हटलं. त्या बाईनं आईच्या लुगड्याचा काठ चिमटीत धरून पाहिला आणि मान डोलावली. मैत्री जमायला एवढं पुरलं. आई तिला 'बाई' म्हणायची आणि ती आईला 'मिसस'. शेवटपर्यंत दोघींना एकमेकींची नावं काही वापरावी लागली नाहीत.

एप्रिलमध्ये एका दुपारी ड्युटीवरून आले तर जेवणाच्या टेबलाशी, माझ्याच खुर्चीवर, ती मैत्रीण पांढऱ्या झग्यात उभी. आई तोंडात टाचण्या धरून तिच्याभोवती फिरत होती. बाई बाजूला बसून चहा पीत होती. झगा सुंदर होता, जाळीचा, मण्यांचा, पण खांद्यातून उतरत होता आणि पुढून आखूड पडत होता.

"हा घालून बघितला नव्हता का दुकानात?" मी बाईला विचारलं.

"घालून बघायची खोली बंद आहे म्हणाले," बाई शांतपणे म्हणाली. "आमच्यासाठी ती नेहमीच बंद असते. मी अंदाजानं घेतला."

मी हे आईला मराठीत सांगितलं. आईनं तोंडातल्या टाचण्या काढून बशीत ठेवल्या. म्हणाली, "इले सांग. माह्या गावात मी पयल्यांदा शिवायला लागली ना, तवा बाया मले अंगाले टेप लावू देत नव्हत्या. मापाचा जुना ब्लाउज दुरून ओसरीवर फेकून द्यायच्या. मी थो उचलायचा. शिवून झाला का पुन्हा ओसरीवरच ठेवायचा. ब्लाउज घालायच्या बाप्पा, पन हात नाही लागला पायजे माहा."

हे मला माहीत होतं. मी ते बाईला इंग्रजीत सांगितलं. आईनं पुढं नागपुरात तीस वर्षं शिवणक्लास चालवला. तिच्या क्लासात पहिला धडा काय असायचा, तर शेजारणीच्या खांद्यावर टेप ठेवून माप घ्यायचं. मग ती शेजारीण कोणत्या का घरातली असेना.

बाईनं सगळं ऐकलं. मग नातीला म्हणाली, "सरळ उभी राहा. मिससला नीट माप घेऊ दे."

शिवणयंत्र आमच्याकडे नव्हतं. बाईकडे तिच्या आईचं हातानं फिरवायचं जुनं मशीन होतं. तेव्हा दुसऱ्या दिवशी आई पुलापलीकडे गेली, आणि संध्याकाळी तिला आणायला मलाही जावं लागलं. गाडी भिंतीपाशी लावली आणि खरं सांगते, पर्स सीटखाली लपवून मगच उतरले. गावच्या कौन्सिलनं बांधलेली ती भिंत माणसाहून उंच. आत सात-आठ मोबाइल घरं, एक काळापांढरा घोडा, दोरीवर वाळणारी मुलांची गणवेशाची पँट-शर्टं. बाईचं घर आरशासारखं लख्ख. काचेच्या कपाटात सोनेरी काठाच्या बशा मांडलेल्या. आई मशीनवर बसली होती आणि चार बायका तिच्याभोवती दाटीनं उभ्या राहून तिचे हात बघत होत्या. मला बघून एकीनं लगेच खुर्ची पुसून पुढं केली. त्या क्षणी सीटखालच्या पर्सची मला जी लाज वाटली ती अजून वाटते.

झगा उत्तम झाला. आईनं खांदे आत घेतले, खाली जाळीची एक पट्टी वाढवली आणि बाईच्या सांगण्यावरून घेरात बारीक लुकलुकणारे दिवे बसवले. "लाइट कायले पायजेत झग्याले?" असं म्हणत म्हणत तिनं ते इतके सफाईनं शिवले की बॅटरी कुठं आहे ते सापडेना.

मग हॉटेलचं झालं. गावाबाहेरच्या एका हॉटेलात बाईच्या सुनेनं फोन करून जेवणासाठी हॉल सांगून ठेवला होता. कम्युनियनच्या दोन आठवडे आधी बाई स्वतः केक कुठं ठेवायचा ते बघायला गेली. मॅनेजरनं तिला काउंटरवर पाहिलं, तिचं बोलणं ऐकलं, वहीत बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, चूक झाली, हॉल आधीच दुसऱ्यांना दिलाय. बाई तिथून थेट आमच्याकडे आली. रडली नाही, चिडली नाही. झालं ते सांगितलं.

आईनं मला म्हटलं, "तू लाव फोन. तुले काय म्हनते पाहू."

मी तिथंच फोन लावला. बाई हॉटेलातून निघून अर्धा तास झाला होता. मी माझ्या नागपुरी इंग्रजीत सांगितलं की हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे, मुलीचा कार्यक्रम आहे, त्याच शनिवारी, म्हणजे कम्युनियनच्या दिवशी, हॉल मिळेल का? मॅनेजर म्हणाला, "मिळेल की डॉक्टर, काहीच अडचण नाही. किती माणसं?"

मी फोन ठेवला. स्पीकर चालू होता, सगळ्यांनी ऐकलं होतं. आईनं भाषांतराची वाट पाहिली नाही. "माह्या लेकीले हो म्हनते अन् इले नाही? गाव तं इचंच हाय ना!"

या देशात आल्यापासून माझ्या रंगापायी, उच्चारापायी कुठं दार बंद होतंय का याची धास्ती मी बाळगून होते. त्या दिवशी दार माझ्यासाठी उघडलं आणि जिचे पणजोबाही इथंच जन्मले होते तिच्यासाठी बंद झालं. मला जराही बरं वाटलं नाही.

बाई म्हणाली, "माझी आई अशी किती दारांतून गुपचूप परत फिरली. मीही फिरले. या वेळी मी तक्रार करणार आहे." मग माझ्याकडे वळून, "तू फोनवर जे ऐकलंस ते कोर्टात सांगशील?"

मी लगेच हो म्हटलं नाही. आमचा नागरिकत्वाचा अर्ज विचाराधीन होता. हॉस्पिटलात कोण काय म्हणेल ते डोक्यात आलं. शेजारी बसलेला माझा नवरा हळूच म्हणाला, "जरा विचार कर." आई चहाचे कप उचलून आत गेली. स्वयंपाकघरात नळ सुरू झाल्याचा आवाज आला. मी बाईला म्हटलं, "सांगेन."

नवऱ्याच्या क्रिकेट क्लबची चर्चच्या हॉलवाल्यांशी ओळख होती. त्यानं त्याच संध्याकाळी तो हॉल मिळवला.

कम्युनियनच्या दिवशी ऊन पडलं होतं, आणि आयर्लंडमध्ये ऊन पडलं की अर्धा सण तिथंच साजरा होतो. चर्चमध्ये माझी मुलगी माझ्याशेजारी मागच्या बाकावर होती. मैत्रीण वेदीपाशी पोचली आणि तिनं झग्यातल्या बॅटरीचं बटण दाबलं. सगळा झगा लुकलुकला. फादर क्षणभर थबकले आणि मग त्यांना हसू आवरेना. पुढच्या बाकावरच्या बायका वळून वळून बघत होत्या. "तिनं प्रॉमिस केलं होतं बटण दाबणार नाही म्हणून," माझी मुलगी कुजबुजली, आणि आनंदानं बाकावर उड्या मारू लागली.

हॉलमध्ये बायकांनी सँडविचचे डोंगर रचले होते. आईनं सकाळपासून कांदाभजी तळली होती. आधी पोरांनी ती हुंगून पाहिली, मग ताटं चाटूनपुसून संपवली. वर्गातल्या सगळ्यांना आमंत्रण दिलं होतं. कोणी येणार नाही असं बाई धरून चालली होती. सहा मुलं आली. त्यांचे आईबाप दारापाशी अवघडून उभे राहिले. बाईनं त्यांना आत ओढलं, हातात बशा दिल्या. अर्ध्या तासानं त्यातला एक बाप कोट काढून पोरांसोबत फुगे फोडत होता.

कुणीतरी अकॉर्डियन काढलं. एका म्हाताऱ्यानं डोळे मिटून एक लांबलचक गाणं म्हटलं, सगळे गप्प झाले, मग पुन्हा दंगा. तेवढ्यात आईनं पदर खोचला, बाईचे दोन्ही हात धरले आणि फुगडी घालायला लागली. बाई दुप्पट अंगाची. पहिल्या गिरकीला दोघी टेबलावर आदळतात की काय असं वाटलं. मग पाय जमले. आई ओरडत होती, "मांगं झुका, मांगं!" आणि बाईला एक अक्षर न कळताही ती बरोबर मागं झुकत होती. तिचा अंबाडा सुटला. मग पोरींनी जोड्या केल्या. त्या दिवशी जोड्या करताना कुणीच उरलं नाही. जागा कमी पडली.

आई जूनमध्ये परत गेली. ऑक्टोबरात प्रकरण जिल्हा न्यायालयात उभं राहिलं. दारूचा परवाना असलेल्या जागांबद्दलच्या अशा तक्रारी या देशात त्याच न्यायालयात जातात. मी फोनची वेळ दाखवली आणि ऐकलं ते सांगितलं. हॉटेलच्या वकिलानं विचारलं, "डॉक्टर, त्या अर्ध्या तासात कुणीतरी बुकिंग रद्द केलं नसेल कशावरून?" न्यायाधीशांनी मॅनेजरला विचारलं, कुणी रद्द केलं होतं? मॅनेजरनं वही चाळली. तसं नाव त्यात नव्हतं. त्याचे कान लाल झाले.

निकाल बाईच्या बाजूनं लागला. हॉटेलला लेखी माफी मागावी लागली आणि यापुढं तिच्या घरच्या कुणालाही असं परतवायचं नाही अशी तंबी मिळाली. बाहेर पायऱ्यांवर तिच्या बहिणी, सुना, भाच्या, सगळ्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी म्हटलं, "आता सुनेच्या बाळाचं बारसं हॉटेलच्या त्याच हॉलमध्ये करा."

"छे!" बाई म्हणाली. "चर्चच्या हॉलमध्ये नाचायला जागा जास्त आहे. त्या हॉटेलात मला जायचंच नाही. पण न जाणं माझ्या मर्जीनं, त्याच्या नाही."

हॉस्पिटलात काय झालं म्हणाल, तर आमच्या वॉर्डातली एक सिनियर नर्स दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली. बराच वेळ ड्रिपच्या नळीशी खेळत राहिली, मग म्हणाली की तिची आजी ट्रॅव्हलर होती. वीस वर्षांत तिनं हे इथं कुणाला सांगितलं नव्हतं. एक-दोघं माझ्याशी जरा तुटक वागले, तेही महिनाभर. नागरिकत्वाचं पत्र आलं ते नेहमीसारखं उशिरा, पण आलं.

कोर्टाच्या पायऱ्यांवरूनच मी आईला व्हिडिओ कॉल लावला होता. मी निकाल सांगेपर्यंतही बाईला दम निघाला नाही. तिनं फोन माझ्या हातातून काढूनच घेतला. "मिसस! आपण जिंकलो, मिसस!" ती इंग्रजीत ओरडली. नागपूरहून आई तितक्याच जोरात ओरडली, "वा गं माही बाई! जेवली का नाही तू सकाळपासून?" मग कितीतरी वेळ दोघी आपापल्या भाषेत एकदम बोलत राहिल्या, हसत राहिल्या. माझी दुपारची ड्युटी सुरू व्हायला वीस मिनिटं उरली होती. पण फोन परत मागायचं मला काही धाडस झालं नाही.