लाल डोंगर

पारुळकरकाका गाडी थांबवायचे, पण इंजिन बंद करायचे नाहीत. सिंगापुरात पासिर रिसला आमच्या ब्लॉकखालच्या कारपार्कात ते इंजिन घरघरत ठेवून पेपर वाचत बसत. शेजारी तक्रार करत, काकू वरून फोन करत. काकांचं उत्तर ठरलेलं असे, "बंद इंजिनाचा भरवसा नाही. चालतं इंजिन निदान बोलतं तरी." माणूस मूळ मालवणचा, पण हयात गेली जहाजांच्या इंजिनरूममध्ये. चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त झाले आणि आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये स्थिरावले.

ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावर त्यांचं जहाज लोहखनिज भरायला कैक वेळा लागलं होतं. दर खेपेला लाल धूळ डेकवर, केबिनमध्ये, जेवणाच्या ताटात. बंदराबाहेर पडायला मात्र सवड मिळाली नाही. "ज्या डोंगराची माती इतकी वर्षं खाल्ली, तो डोंगर एकदा बघायचाय," असं ते म्हणत. काकू त्यांना एकट्याला सोडायला तयार नव्हत्या, म्हणून त्यांनी परस्पर माझी सुट्टी ठरवली. मी बँकेतला माणूस. वाळवंटातून दिवसचे दिवस गाडी हाकण्यात मला काडीचा रस नव्हता, पण काकूंना नाही म्हणवलं नाही.

ऑस्ट्रेलियात उतरून भाड्याची गाडी घेतली आणि पहिल्याच दिवशी मी वैतागलो. इंजिन ऐकू यावं म्हणून काका खिडक्या लावू देत नव्हते. तोंडात धूळ, डोळ्यांत धूळ. चहाला थांबलो, इंजिन चालू. जेवायला थांबलो, इंजिन चालू. त्यांनी दुपारी डुलकी काढली तेव्हाही ते चालूच. डिझेल पुरणार नाही, पंप फार लांब आहेत, असं मी दोनदा सांगितलं. जहाजं चालवणाऱ्याला डिझेल शिकवू नकोस, असं ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी आचके देत थांबली. डिझेल संपलं होतं. जादाचा कॅनही सकाळीच रिकामा झाला होता. चहूकडे क्षितिजापर्यंत लाल माती आणि काटेरी गवताचे झुबके. फोनला रेंज नाही. पाणी होतं, एवढंच.

मी रागाने दार आपटून खाली उतरलो. थोड्या वेळाने पाहिलं तर काकांनी दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबले होते आणि ते घामाने निथळत होते. ऊन लागलं असं वाटून मी पाणी पुढे केलं. त्यांनी मान हलवली. मग हळूहळू सांगितलं. इंजिनरूमने कान नासवले होते, आत सतत एक शिट्टी वाजत असे. घरी पंखा, टीव्ही, रस्ता, काहीतरी आवाज असतोच. शांततेत ती शिट्टी डोकं फोडायची. हे त्यांनी काकूंनाही सांगितलं नव्हतं.

"मग असल्या ओसाड जागी यायचंच कशाला?" मी ओरडलो.

"बोलत रव," ते म्हणाले. "थांबू नको. काय पण बोल."

माझ्याजवळ राग सोडून बोलायला काही नव्हतं, तेव्हा तोच काढला. धूळ, उघड्या खिडक्या, वाया गेलेली सुट्टी, कारपार्कातला धूर, त्यांचा हट्ट. मी त्यांना मनसोक्त झाडलं. ते डोळे मिटून, गाण्याच्या बैठकीला बसल्यासारखे मान डोलवत ऐकत होते. माझा घसा बसायला लागला की म्हणत, "पाणी पी. मग पुढचं सांग." इतक्या समाधानाने बोलणी खाणारा माणूस मी पाहिलेला नाही, आणि त्याने माझा राग आणखीच भडकत होता.

ऊन कलल्यावर एक लांबलचक ट्रक आला. ड्रायव्हरने डिझेल दिलं आणि पुढचा पंप बंद आहे, मागे फिरा, असं बजावलं. डोंगर अजून दिवसभराच्या वाटेवर होता. आम्ही मागे फिरलो.

पुढे ते दोघं पुण्याला मुलीकडे राहायला गेले. या वर्षी काका वारले. मी फोन केला तेव्हा काकू सांगत होत्या, शेवटी शेवटी घरी येईल त्याला ते आमच्या प्रवासाची गोष्ट ऐकवत. आम्ही दोघं लाल डोंगराच्या पायथ्याशी कसे उभे राहिलो, ते रंगवून सांगत.

"तू एक फोटोसुद्धा काढला नाहीस रे?" काकूंनी विचारलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जाता जाताही हा माणूस मला अडकवून गेला होता. खरं काय ते सांगायला गेलो असतो तर डिझेल, कान, सगळंच सांगावं लागलं असतं.

"राहून गेलं, काकू."

"मग सांग तरी. कसा होता डोंगर?"

मी खुर्ची ओढून बसलो आणि कधीच न पाहिलेला तो डोंगर पायथ्यापासून सांगायला लागलो.