माझ्या खोलीत सगळं उघडत होतं

तीन चुकीचे आकडे टाकून मी आमच्या अख्ख्या ऑफिसला वॅगनच्या यादीबाहेर काढलं. मला वाटत होतं, मी यादी सुरक्षित केली.

नव्वदीची सुरुवात. जळगावात केळीवाल्यांच्या एका संस्थेत मी संगणक सांभाळायचो. आतल्या खोलीत सर्व्हर आणि मी, बाहेर हॉलमध्ये चार टर्मिनल. कोणाची केळी दिल्लीच्या कोणत्या वॅगनमध्ये चढायची, ती यादी त्यात. नंबर वर सरकवून घ्यायला लोक टर्मिनलपाशी येऊन फार गोड बोलत. म्हणून एका सकाळी ठरवलं: यादी सगळ्यांनी वाचावी, बदलावी फक्त मी. परवानगीचे तसे तीन आकडे ठोकले: सहा, चार, चार. घाईत आतल्या फायलींना आणि त्या ज्या कप्प्यात होत्या त्यालाही, एकाच फटक्यात. हाताने लिहायचं रजिस्टर मी आदल्याच आठवड्यात बंद करवलं होतं, छोटंसं भाषण करून.

दुपारी दोनला अक्का दारात. आमच्या सीनियर टायपिस्ट, माहेर-सासर दोन्ही धुळ्याचं. चिडल्या की घरची बोली बाहेर पडे.

"बठ्ठी नावं दिखतस, पन एक बी फाईल उघडत नही!"

मी माझ्या पडद्यावर यादी उघडून दाखवली. "ही काय, उघडली. नीट टाइप करा अक्का."

त्या गेल्या, परत आल्या. मी केबल हलवली, सर्व्हर बंद करून चालू केला, वर अक्कांच्या चष्म्याचा नंबर विचारला. माझ्याकडे सगळं उघडायचं, त्यांच्याकडे काही नाही. छपाई माझ्याकडून करावी, तर प्रिंटर अक्कांच्या टर्मिनलला. आणि माझं सर्वाधिकारी नाव आतल्या खोलीबाहेर चालू नये, हा नियमही माझाच.

तोवर असोदा गावचे केळीवाले नाना येऊन उभे. त्यांचे घड सकाळीच कापून स्टेशनच्या धक्क्यावर पोचले होते. चारच्या आत यादी गेली नाही, तर गाडी त्यांच्या केळीशिवाय सुटणार.

"बाबा, कापलेले घड परत झाडाला लागत नाहीत," नाना म्हणाले. "आणि तू स्वतःच्या खोलीतून काय बघतो? मालकाला कोणतं फाटक अडवतं? तिच्या खुर्चीत बस."

बसलो. अक्कांच्या नावाने आत गेलो. खरंच, सगळी नावं दिसत होती, उघडत एकही नव्हतं. बांधावरून घड मोजून घ्या, पण बागेत पाय ठेवू नका, असा प्रकार. तेव्हा डोक्यात उजेड पडला. फाईल वाचायला वाचायची परवानगी पुरते; कप्प्याला मात्र आत शिरायची वेगळी द्यावी लागते. नेमकी तीच मी सकाळी काढून टाकली होती. सर्वाधिकारी मालक म्हणून मला ती कधी लागलीच नव्हती!

आत पळालो. कप्प्याच्या सहाचे सात केले, चारांचे पाच. बाहेर प्रिंटर असा किंचाळला की हॉलमध्ये टाळ्या पडल्या. नानांच्या मोटरसायकलवर मागे बसून, यादी छातीशी धरून मी स्टेशन गाठलं. चार वाजायला वीस मिनिटं कमी. नानांचा शेवटचा घड वॅगनमध्ये चढला, तेव्हा धक्क्यावर मी दोन्ही हात वर करून ओरडलो. हमाल बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी नाना पेढे घेऊन आले. मी हॉलच्या मधोमध उभा राहून, बिघाड कसा हुडकून काढला ते रंगवून सांगत होतो. अक्कांनी टायपिंग थांबवलं.

"आणि फाटक लावलं कोणी होतं, ते बी सांगा."