आमची शुद्ध शाकाहारी मांजर

नोकरी संपली, शहरातल्या मंगळवार पेठेतलं भाड्याचं घर सोडलं आणि मी बायकोसह गावाकडच्या शेतात अव्वाजवळ, म्हणजे माझ्या आईजवळ राहायला आलो. बँकेत तीस वर्षं खुर्ची उबवलेल्या माणसाला शेती म्हणजे सकाळचं फिरणं वाटतं. मलाही वाटली. दोन म्हशी घेतल्या आणि महिन्याभरात त्यांच्या अंगावर गोचीड झाले.

जनावरांचा डॉक्टर म्हणाला, "सायेब, औषध किती मारणार? चार कोंबड्या आन् एक कोंबडा सोडा गोठ्यात. वेचून खातात."

सल्ला चांगला होता, फक्त घर चुकलं होतं. आम्ही लिंगायत. आमच्याकडे बेकरीतला केकसुद्धा चौकशी केल्याशिवाय कुणी तोंडात टाकत नाही. अव्वा तर इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय पाणीही घेत नाही. पण म्हशीवर तिचा जीव. तिने दोन दिवस विचार केला आणि निकाल दिला, "कोंबड्या गोठ्यात ऱ्हाऊ देत. अंडं घरात आलं तर मी घराभाईर."

कोंबड्यांना मात्र आमचा धर्म कुणी सांगितला नव्हता. त्या रोज अंडी घालू लागल्या. ही बातमी गावात कशी पसरली देव जाणे, पण शेजारच्या मळ्यातल्या गृहस्थाला एकाएकी अव्वाच्या गुडघ्यांची काळजी वाटू लागली. रोज सकाळी येऊन गुडघ्यांची विचारपूस करायची आणि जाताना गोठ्यातून जायचं. अव्वाचे गुडघे होते तसेच राहिले, त्याची पोरं मात्र बाळसं धरू लागली.

कोंबड्यांच्या दाण्यांवर उंदीर आले, म्हणून मांजर आणली. ही अव्वाची लाडकी झाली. वडील गेल्यापासून अव्वा आमच्याशी कामापुरतं बोलायची. मांजरीशी तासन् तास बोलू लागली. तिला दूध-भाकरी कुस्करून द्यायची आणि आल्यागेल्याला सांगायची, "आमची मांजर शुद्ध शाकाहारी हाय. उंदराला नुसतं भ्या दावती." उंदरांचं काय होत होतं ते मी पाहिलं होतं, पण आईच्या श्रद्धेला धक्का लावण्याइतकं धाडस माझ्यात कधीच नव्हतं.

मग एक कोंबडी खुडूक बसली. बायकोने ठरवलं, पिल्लं काढायची. शेजाऱ्याची गोठ्यातली वाट बंद करून ती अंडी टोपलीत जमवू लागली. पण रोज एक अंडं कमी भरायचं. खुडूक कोंबडी रिकाम्या पेंढ्यावर बसून फणफणत होती आणि तिच्यासमोर उभी राहून बायकोही तेच करत होती.

"मांजरच!" शेजारी म्हणाला. त्याचं अंड्यांचं येणं बंद झाल्यामुळे तो दुखावला होता. "एकदा तोंडाला चटक लागली की सुटतीया व्हय?"

"पण टरफलं कुठं दिसत नाहीत," बायको म्हणाली.

यावर मी, बँकेच्या चौकश्या केलेला माणूस, म्हणालो की स्वच्छ घरातली मांजर टरफलंही ठेवणार नाही. माझी हुशारी एवढीच नाही. मध्यंतरी मांजर चांगली सुटली होती आणि एकाएकी बारीक झाली, तेव्हा हा उन्हाचा परिणाम आहे असंही मीच सांगितलं होतं.

शेवटी ठरलं की मांजर राधानगरीच्या रस्त्याला लांब नेऊन सोडायची. अव्वा त्या दिवशी जेवली नाही. मला वाईट वाटत होतं, पण बायकोपुढे बोलायचं म्हणजे पुन्हा धाडसाचाच प्रश्न.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांजर पोत्यात भरून मी गाडीला बांधली. आतून ती जिवाच्या आकांताने ओरडत होती. शेजारी सल्ला द्यायला हजर होताच. मी गाडी चालू केली आणि अव्वा दारातून बाहेर आली.

"बंद कर ती गाडी. अंडी तिनं चोरली न्हाईत. म्या घातली तिला."

शेजाऱ्याचं तोंड उघडंच राहिलं. माझंही.

"वैरणीच्या माळ्यावर चार पिल्लं हायती तिची. दूध पुरंना. बाळंतीण हाय ती," अव्वा म्हणाली. "रोज एक अंडं फोडून दुधात घालून देत हुते. टरफलं जास्वंदीच्या बुडात पुरली. काय म्हणायचं ते म्हणा."

जिने जन्मात अंड्याला बोट लावलं नव्हतं ती अव्वा भर अंगणात, परक्या माणसादेखत हे सांगत होती.

बायको हळू आवाजात म्हणाली, "तुमचा नातू झाला तवा मी चक्कर येऊन पडत हुते, अव्वा. डॉक्टरीणबाईनी अंडी खा म्हणून सांगितलं हुतं. तुम्ही म्हणाला, आमच्यात चालत न्हाई."

ते मला आठवत होतं. मी तेव्हा त्याच खोलीत होतो, पेपर वाचत. पेपर खाली ठेवला नव्हता, एवढंही आठवलं आणि लाज वाटली.

"म्हणले हुते. चुकलं माझं," अव्वा म्हणाली. "मला चार लेकरं झाली. मला तर कुणी इचारलंबी न्हाई, काय खातीस म्हणून."

शेजारी निघून गेला. मी गाडी बंद केली. बायकोने पुढे होऊन पोत्याची गाठ सोडली. मांजर सरळ माळ्याकडे पळाली.

बायको अंड्यांची टोपली घेऊन आली आणि ती अव्वासमोर ठेवली.

"चार-चार पिल्लं अंगावर पितात, आन् तुम्ही तिला एकच अंडं घालताय? आजपास्नं दोन घाला."