सोपानच्या घरची भाकरी

गावकरी मंडळी, आज सप्त्याच्या पंगतीत पोटभर जेवलात ना? मग हेबी वाचा.

आपला सोपान नुकताच जेलमधून सुटलाय. मीबी कधीकाळी तिथूनच सुटून आलोय, म्हणून त्याला माझ्या वेल्डिंगच्या दुकानात कामाला घेतलाय.

सप्त्याला घरोघरच्या भाकरी गोळा करायची आपली रीत. सोपानच्या आईनं पहाटे उठून टोपलंभर भाकरी थापल्या. पिकअप आळीत आली, प्रत्येक दारात थांबली, अन् नेमकी यांच्या दारावरनं पुढं गेली!

माझं डोकंच फिरलं. टोपलं सोपानच्या हातात दिलं, त्याला गाडीवर मागं बसवलं अन् थेट मंडप गाठला.

भाकरी उतरवून घेणारे अण्णा म्हणाले, "भाऊ, राग मानू नको, पण लोकांना चालायचं न्हाई."

"कुठल्या लोकांना? नाव सांगा!"

सोपान म्हणतोय, "जाऊ द्या दादा, घरी जाऊ." मान खाली.

का जायचं घरी? कोर्टानं शिक्षा दिली, ती त्यानं भोगली. आता गाव परत कशाची देतंय?

अण्णांच्या देखत मी टोपलं भाकरीच्या ढिगात पालथं केलं.

मग तुमी सगळे आमटीत कुस्करून मिटक्या मारत जेवलात. आता सांगा राव, तुमच्या ताटात कुणाच्या घरची भाकरी व्हती?