शेठजींच्या बंगल्यातलं सगळ्यांचं कॉलेज

निवृत्त प्राध्यापकाकडे दोन गोष्टी साठत जातात. जुने स्वेटर आणि किस्से! लोणावळ्याच्या दमट हवेत स्वेटरना बुरशी लागते, किस्स्यांना लागत नाही. चार मित्र घरी आले, चहाचं आधण चढलं, की एकातून दुसरा निघतो. बायको आतून बजावते, "दामले सरांवर येऊ नका हं, जेवायला उशीर होईल!" आणि मी नेमका दामले सरांवरच येतो.

दामले सर आमचे प्रिन्सिपॉल. एकोणीसशे पासष्टच्या आसपासची गोष्ट. मुंबईच्या एका शेठजींचा इथला बंगला सुट्ट्या सोडल्या तर वर्षभर रिकामा असायचा. तो सरांनी मागून घेतला आणि त्यात कॉलेज सुरू केलं. जेवणाच्या दालनात पहिल्या वर्षाचा वर्ग, बिलियर्डच्या खोलीत लायब्ररी! मी मराठी शिकवायचो. सरांचा नियम एकच : ज्याला फी देता येते त्यानं द्यावी, ज्याला येत नाही त्यानं नुसतं यावं.

अर्थशास्त्राच्या शिर्क्यांना हे अजिबात पटायचं नाही. आमचे पगार उशिरा व्हायचे, त्यामुळे त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

"सर, फुकट गंगा दारात आली ना, की लोक तिच्यात म्हशी धुतात!" शिर्के एकदा स्टाफरूममध्ये कडाडले.

दामले सर शांतपणे म्हणाले, "धुऊ देत की! गंगेचं काय जातं? म्हशी तर स्वच्छ होतात!"

*

प्रवेशाच्या दिवसांत जवळच्या वलवण गावाहून एक बाई आल्या. पन्नाशीच्या, आवाज खणखणीत. मागे डोक्यावरून पदर घेतलेली एक तरुण मुलगी.

"मुलीला प्रवेश हवाय का?" सरांनी विचारलं.

"ल्येक न्हाई सायेब, सून हाय."

सासू सुनेला घेऊन आली म्हणजे काहीतरी तक्रार असणार, असं मला वाटलं.

"म्याट्रिक पास हाय," बाई म्हणाल्या, "आन माज्या घरी भांडी घासती."

"बरं. मग?"

"मग काय! भांडी मला बी घासता येत्यात. तिच्यावानी वाचता येतंय का मला? घ्या तिला."

सर जरा सावधपणे म्हणाले, "मावशी, तिच्या नवऱ्याला विचारलंय ना?"

"त्यो माज्याच पोटचा हाय. त्याला काय इचारायचं?"

*

डोंगराळ आंदर मावळातून तर एकदा शिष्टमंडळच आलं! पागोटी, काठ्या, खांद्यावर घोंगड्या. पोरं धाडायच्या आधी कॉलेज म्हणजे काय असतं ते डोळ्यांनी बघायचं, असं गावात ठरलं होतं. सरांनी त्यांना माझ्याच वर्गात शेवटच्या बाकांवर बसवलं. माझी भीतीनं बोबडी वळायची बाकी होती!

तास संपल्यावर सरांनी त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या आबांना विचारलं, "काय कळलं का आबा?"

"काय बी न्हाई कळलं!" आबा म्हणाले. "पर येक मानूस बोलतोय आन बाकीची समदी गप ऐकत्यात, हे आमच्या पंचायतीत उभ्या जल्मात बघितलं न्हाई. पोरं धाडतो!"

*

बाजारात एक बेकरी होती. मालक अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे दुकान दोन मुलांवर. थोरला युसूफ, धाकटा याकूब. कॉलेजच्या पटावर नाव फक्त युसूफचं.

एक दिवस शिर्के हजेरी घेता घेता थांबले. "युसूफ, परवा तुझ्या गालावर तीळ नव्हता!"

वर्ग हसला. पोरगा उभा राहिला. "सर, तीळ धाकट्याला आहे. मी धाकटा. पण अर्थशास्त्र दोघांना आहे!"

झालं! शिर्क्यांनी दोघांना सरांच्या समोर उभं केलं. भानगड अशी की एक जण कॉलेजात, एक दुकानात, दुसऱ्या दिवशी उलट. आज जो वर्गात बसला तो पिठाचे हात धुता धुता दुसऱ्याला सगळं शिकवायचा. शिर्क्यांना विश्वास बसेना. त्यांनी थोरल्याला नेमका तो हजर नसलेल्या दिवसाचा प्रश्न विचारला. त्यानं निम्मं उत्तर सांगितलं, उरलेलं सांगायला धाकट्याकडे बघितलं, आणि धाकट्यानं त्याच वाक्यापासून पुढे सुरुवात केली! मी आ वासून ऐकत होतो.

शिर्के घसा खाकरून म्हणाले, "ते काही असो. नियमाप्रमाणे दोघांनाही काढायला हवं."

"कागदावर एकच आहे ना?" दामले सर म्हणाले. "मग एकाला काढा आणि दोघांना घ्या!"

हजेरीच्या सवलतीसाठी सर स्वतः पुण्याला जाऊन युनिव्हर्सिटीत भांडले. भाऊ दोघंही बी.ए. झाले.

*

शिर्क्यांबद्दल गैरसमज नको. त्यांचा एक किस्सा सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

पहिला तास त्यांचा. घंटा झाली की दाराला कडी! आंदर मावळातली तीन-चार पोरं रोज उशिरा यायची आणि तासभर पायऱ्यांवर बसून राहायची. डोंगर उतरून कामशेतपर्यंत पायी, तिथून शटल गाडीनं लोणावळा.

"रोज एकच सबब!" शिर्के चिडायचे. "ओढ्याला पाणी होतं आणि गाडी चुकली! मी स्वतः येऊन बघतो!"

आणि खरंच, एका शनिवारी ते त्या पोरांबरोबर त्यांच्या गावी गेले.

सोमवारी आले ते पायांना चिंध्या बांधून, कुणाच्या तरी मोठ्या मापाच्या वहाणा घालून. स्टाफरूममध्ये येऊन खुर्चीत टेकले. मी पाणी आणून दिलं तेव्हा हळूच म्हणाले, "अंधारात निघतात रे. ओढ्यापर्यंत आया कंदील घेऊन येतात. पोरं पलीकडे पोचली की हाका मारून सांगतात, मग त्या माघारी फिरतात. मी इकडे गाढ झोपलेला असतो, तेव्हा हे रोज चाललेलं असतं."

मग ते उठले, फळ्यावरच्या वेळापत्रकातून आपलं नाव पुसलं आणि तिसऱ्या तासाला लिहिलं. तिसरा तास माझा होता. मी त्यांचा पहिला घेतला आणि दार उघडंच ठेवलं.

दामले सरांनी दारातून ते पाहिलं. "काय शिर्के, मत बदललं वाटतं?"

"मत तेच आहे!" शिर्के गुरगुरले. "तास बदललाय."

*

शेठजींच्या कानावर कुणीतरी घातलं की तुमच्या बंगल्यात वाट्टेल ते लोक शिरतात. नाताळच्या सुट्टीत ते मोटारीतून तणतणत आले; आमचे जादा तास तेव्हाही चालू होते. व्हरांड्यात काठ्या, घोंगड्या, भाकरीची गाठोडी!

"हे कॉलेज आहे की बाजार? बंगला खाली करा!"

"करू की," दामले सर म्हणाले. "पण तास चालू आहे. तो संपू द्या."

माझाच कवितेचा तास होता. शेठजी दारात उभे राहिले. आधी कपाळाला आठ्या होत्या, मग नुसतेच उभे होते. घंटा झाली तरी हलेनात. मग सरांच्या जवळ येऊन अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "मी चौथी पास झालो तसं वडिलांनी पेढीवर बसवलं. चौथी पास माणसाला इथे येता येतं का?"

शिर्के शेजारीच होते. "नाही हो," ते खरोखर हळहळून म्हणाले, "तुम्ही नियमात बसत नाही."

"नियमात बसत नसतील," दामले सर म्हणाले, "बाकावर बसतात की!"

ती अख्खी सुट्टी शेठजी माझ्या वर्गात होते. बंगला खाली करायचा विषय पुन्हा निघाला नाही.

*

वलवणच्या धरणामागच्या डोंगरात ठाकर आदिवासींची एक वाडी होती. तिथला नामा. त्याची मुलगी हिरा वाडीतली पहिली मॅट्रिक. वाट रानातली, बिबट्याचा वावर. म्हणून नामा रोज तिला घेऊन यायचा. ती वर्गात जायची आणि तो फाटकाजवळच्या आंब्याखाली घायपाताच्या वाखाचे, म्हणजे तंतूंचे, दोर वळत बसायचा. शेवटचा तास सुटला की बापलेक परत डोंगराकडे.

दामले सर कितीदा त्याला बोलवायचे. "नामाभाऊ, आत येऊन बसा की."

"नगं सायेब, हितंच बरं हाय."

एकदा स्टाफरूमच्या खिडकीतून शिर्के त्याच्याकडे बघत होते. म्हणाले, "या माणसाची रोजची मजुरी बुडतेय, सर. वर्षानुवर्षं. हे शिक्षण फुकट आहे, असं निदान याच्यासमोर म्हणू नका."

दामले सरांनी तांब्याभर पाणी घेतलं आणि स्वतः आंब्याखाली नेऊन दिलं.

हिरा बी.ए. झाली. दूरच्या एका गावी शाळेत शिक्षिका म्हणून लागली आणि तिकडेच राहायला गेली. आंब्याखालची जागा रिकामी झाली. येताजाता तिकडे नजर जायची आणि चुकल्यासारखं वाटायचं.

जूनमध्ये कॉलेज उघडलं. सकाळी मी फाटकातून आत शिरलो तर आंब्याखाली नामा! मांडीवर वाख, हात चालू. मला वाटलं, सवयीनं आला असेल बिचारा. मी आत जाऊन सांगितलं, तसे दामले सर आणि शिर्के दोघंही बाहेर आले.

"नामाभाऊ," सर म्हणाले, "हिराचं तर झालं ना शिक्षण?"

"व्हय. झालं की."

"मग आज इकडे कुठे?"

नामानं पायऱ्यांकडे बोट केलं. तिथे चार-पाच मुली उभ्या होत्या. तेल लावून चापून बसवलेले केस, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. आसपासच्या वाड्यांवरच्या. एकमेकींना चिकटून बंगल्याकडे बघत होत्या.

शिर्के दोन पावलं पुढे झाले. "यातली तुमची कुठली, नामाभाऊ?"

"माजी?" नामा म्हणाला. "माजी गेली की शिकून."

आणि तो पुन्हा दोर वळायला लागला.